कांद्याला मिळणारे श्रेय आणि हातातली मिनिटे

पुण्यात गुलटेकडीला असलेल्या श्री छत्रपती शिवाजी मार्केट यार्डात शहर जागे होण्यापूर्वीच काम सुरू झालेले असते. भाजीपाला, फळे, फुले, कांदा-बटाटा, गूळ, मिरची, धान्य असा नाना तऱ्हेचा माल ट्रक-टेंपोतून उतरतो, त्याचे वजन होते, तो विकला जातो आणि पुन्हा गाड्यांत चढतो. या सगळ्या कामात यंत्रे थोडी आणि माणसे फार. पाठीवर पोती वाहणारे हमाल, तोलणार, हातगाडीवाले, आडते, माल निवडणाऱ्या बाया, गाड्यांचे चालक आणि खेड्यापाड्यांतून माल घेऊन आलेले शेतकरी यांची तेथे एकच दाटी असते.

पुण्याचा घाऊक बाजार जुन्या पेठांत भरत होता तेव्हा, १९५५ साली, पेशाने डॉक्टर असलेल्या बाबा आढाव यांनी हमाल पंचायतीची स्थापना केली. पुढे १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. पोत्याचे वजन पन्नास किलोंपेक्षा जास्त नसावे ही हमालांची मागणी तर अनेक वर्षांची. एका मोठ्या माणसाने हाताने उचलण्याच्या ओझ्याची मर्यादा पंचावन्न किलो असावी, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच केली होती. अपघात होऊच नयेत यासाठीची ही धडपड कोणत्याही प्रथमोपचारापेक्षा मोलाची आहे, हे आधीच सांगायला हवे.

तरीही जेथे माणसाचे शरीर हेच कामाचे मुख्य साधन असते, तेथे शरीराला इजा होतच राहते. कोयत्याने हात कापतो, लोखंडी आकडा लागतो, ओल्या फरशीवरून पाय घसरतो, ट्रकच्या फळीवरून कोणी खाली येतो, उन्हाने भोवळ येते, कोणाला फिट येते. अशा वेळी डॉक्टर पोचेपर्यंत जवळ असतो तो दुसरा हमाल, दुकानातला मुलगा किंवा बाजाराला आलेला एखादा शिक्षक. त्याने काय करावे याच्या याद्या पुष्कळ मिळतात. पण याद्या ऐन वेळी आठवत नाहीत. कारण माहीत असले तर कृती आठवते. म्हणून या लेखात आपण याद्यांऐवजी कारणांकडे पाहू या.

कांदा गुणकारी का वाटतो?

फिट आली की कांदा फोडून नाकाला लावायचा, ही रीत आपल्याकडे सर्वत्र आढळते. कांदा नसला तर चप्पल. घोळणा फुटला तरी कांदा, भोवळ आली तरी कांदा. मार्केट यार्डात तर कांद्याला तोटा नाही! आणि गंमत अशी की बहुतेक वेळा रोगी बरा होतो. मग कांद्याचा गुण मानायला काय हरकत आहे?

या तीन प्रकारांत शरीरात काय घडते ते पाहू. फिट येते तेव्हा मेंदूतील पेशींचे मोठे समूह एकाच वेळी, बेबंदपणे विद्युत संदेश सोडू लागतात. त्यामुळे स्नायू आकडतात, झटके येतात. बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबते. भोवळ येते तेव्हा रक्तदाब अचानक उतरून मेंदूला रक्त कमी पडते आणि माणूस खाली पडतो. पण खाली पडणे हाच त्यावरचा उपाय असतो. डोके हृदयाच्या पातळीला आले की मेंदूला रक्त मिळू लागते आणि एखाद्या मिनिटात शुद्ध येते. घोळणा फुटतो तो बहुधा नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागातील बारीक रक्तवाहिन्या फुटल्यामुळे. तेथे रक्त गोठले की स्राव थांबतो.

थोडक्यात, तिन्ही प्रकार बहुतेक वेळा आपले आपण आवरतात. आता कांदा आणायला, फोडायला आणि नाकाशी धरायला किती वेळ लागतो? साधारण दोन-तीन मिनिटे. म्हणजे फिट थांबायच्या बेताला कांदा हजर होतो आणि श्रेय घेऊन जातो. ‘आधी कांदा, नंतर आराम’ एवढ्यावरून ‘कांद्यामुळे आराम’ असे ठरवता येत नाही. तसे ठरवायचे तर कांदा न लावलेल्या रोग्यांशीही तुलना करायला हवी. विज्ञानाच्या तासाला नियंत्रित प्रयोग शिकवताना याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

यावर कोणी म्हणेल, कांद्याने अपाय तर होत नाही ना? कांद्याने प्रत्यक्ष अपाय होत नसेल, पण चपलेने श्वास अडू शकतो, आणि खरे नुकसान होते ते वेगळेच. हृदय अचानक बंद पडते तेव्हा मेंदूचे रक्त तुटते आणि काही जणांना सुरुवातीला थोडे झटके येतात. पाहणाऱ्याला ती फिटच वाटते. लोक कांदा शोधू लागतात, आणि ज्या माणसाला एकेक मिनिट मोलाचे होते त्याची दोन-तीन मिनिटे त्यात जातात. म्हणून प्रथमोपचारात पहिला प्रश्न ‘काय लावू?’ हा नसतो. हे आपोआप आवरणारे आहे की नाही, आणि नसेल तर आपल्या हातात किती मिनिटे आहेत, हे आधी पाहायचे असते.

खऱ्या फिटमध्ये करायचे ते थोडेच आहे. आजूबाजूच्या वस्तू बाजूला सारा, डोक्याखाली घडी केलेला टॉवेल किंवा बारदान ठेवा आणि घड्याळ पाहा. हातपाय दाबून धरू नका. त्याने हाड मोडू शकते. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. झटके थांबले की माणसाला कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर गळेल आणि श्वासनलिकेत जाणार नाही. फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली, लागोपाठ दुसरी आली किंवा ती आयुष्यातली पहिलीच असली, तर रुग्णालय गाठायला हवे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे झटके थांबल्यावर छाती नेहमीसारखी खालीवर होते आहे का, हे पाहा. होत नसेल तर ती फिट नव्हती असे धरून चालावे.

घोळणा फुटला तर मान मागे टाकू नये. रक्त घशात उतरते आणि उलटी होते. पुढे वाकून बसावे आणि नाकाचा मऊ भाग दहा ते पंधरा मिनिटे चिमटीत धरून तोंडाने श्वास घ्यावा. भोवळ आलेल्याला बसवू नये. आडवे करून पाय थोडे उंच करावेत. तो मधुमेहाचे औषध घेणारा असेल, घामाघूम झाला असेल, बरळत असेल पण गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. साखर नसली तर गुळाचे पाणी. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात मात्र यातले काहीही घालायचे नाही.

चार मिनिटे : हृदय बंद पडते तेव्हा

मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीर वापरते त्यातला सुमारे पाचवा हिस्सा ऑक्सिजन एकटा मेंदू वापरतो. साठा मात्र त्याच्याकडे जवळजवळ नाही. रक्त थांबले की दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांत मेंदूच्या पेशींना कायमची इजा होऊ लागते. काहीच केले नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारणपणे सात ते दहा टक्क्यांनी घटते. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. ती कितीही तत्पर असली, तरी पुण्याच्या गर्दीतून चार मिनिटांत पोचेल असे धरून चालणे शहाणपणाचे नाही.

येथे माणसाचे दोन हात उपयोगी पडतात. १९६० साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी दाखवून दिले की छाती न उघडता, केवळ बाहेरून दाबूनही रक्त फिरते ठेवता येते. छातीच्या मधल्या हाडाखाली हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या असतात. हाड खाली दाबले की रक्त पुढे ढकलले जाते. सोडले की छाती वर येते आणि रक्त आत भरते. झडपांमुळे प्रवाह एकाच दिशेने राहतो. आपण हातपंप मारतो त्यातलाच हा प्रकार.

हाक मारून, खांदे हलवूनही माणूस प्रतिसाद देत नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढे दिसले की पुरे. नाडी शोधत बसू नये. घाईत ती जाणत्यालाही सापडत नाही. मधूनच मोठा आचका देऊन घेतलेला श्वास हा श्वास नव्हे. तो हृदय थांबल्याचेच लक्षण असू शकतो. एकाने १०८ किंवा ११२ ला फोन करावा. दुसऱ्याने माणसाला कडक जमिनीवर उताणे ठेवून, छातीच्या मध्यभागी एका हातावर दुसरा हात ठेवून, कोपरे ताठ ठेवून दाबायला लागावे. छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जावी आणि वेग मिनिटाला १०० ते १२० असावा. दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी, नाहीतर आत रक्त भरणार नाही. दमायला होते, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा. मोठ्या माणसाचे हृदय अचानक बंद पडते तेव्हा त्याच्या रक्तात काही मिनिटे पुरेल इतका ऑक्सिजन असतो, म्हणून न शिकलेल्याने नुसते दाबत राहिले तरी उपयोग होतो. बुडालेल्याच्या किंवा लहान मुलाच्या बाबतीत मूळ अडचण बहुधा ऑक्सिजनचीच असते. तेथे तोंडाने श्वास देणेही जरूर आहे, आणि ते प्रशिक्षण घेऊनच नीट येते.

विजेचा धक्का बसून पडलेला माणूस असेल, तर त्याला हात लावण्याआधी वीज बंद करायची. एकाच्या जागी दोघे पडल्याने कोणाचेच भले होत नाही.

दहा मिनिटे : रक्त थांबवणे

साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगात सव्वाचार लिटरच्या आसपास रक्त असते. रक्तदानात साधारण ३५० मिलिलिटर घेतात आणि दाता चहा पिऊन घरी जातो. सुमारे सव्वा लिटरपर्यंत रक्त गेले की मात्र शरीराची सावरण्याची शक्ती संपत येते. नाडी जलद चालते, त्वचा गार आणि चिकट होते, रक्तदाब उतरतो. हातापायाची मोठी धमनी तुटली तर ही वेळ काही मिनिटांतच येते.

रक्त गोठण्याची व्यवस्था शरीराकडे आहे. जखमेच्या कडांना प्रथम रक्तकणिका चिकटतात, मग फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचे जाळे विणले जाते आणि त्यात रक्तपेशी अडकून खुटी बसते. पण जोराने वाहणाऱ्या पाण्यात बांध घालता येत नाही. आधी प्रवाह मंद करावा लागतो. थेट जखमेवर दाब देण्याचे काम तेवढेच. स्वच्छ कापडाची घडी ठेवून तळव्याने सलग दहा मिनिटे दाबायचे. सलग या शब्दावर भर आहे. ‘थांबले का पाहू’ म्हणून दर मिनिटाला कापड उचलले, की कोवळे जाळे कापडाबरोबर निघून येते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. कापड भिजले तर काढू नका, वरून आणखी ठेवून अधिक जोराने दाबा.

हळद, कॉफीची पूड, तंबाखू, चुना हे जखमेत भरण्याची सवय अजून जुनीच आहे. यांतले काही जखमेवर घट्ट बसून रक्त अडवताना दिसते, पण ते काम हाताचा दाब अधिक चांगले करतो. उलट पुडीबरोबर जंतू आत जातात आणि डॉक्टरांना जखम धुऊन काढावी लागते. बाजारात माती आणि शेण असतेच, म्हणून धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे. आकडा किंवा खिळा आत रुतला असेल तर तो उपटू नये. त्यानेच रक्तवाहिनीचे तोंड बंद केलेले असू शकते. त्याच्या दोन्ही बाजूंना दाब देऊन तसेच रुग्णालयात न्यावे.

हातापायाची जखम मोठी असून दाबूनही रक्त उसळतच असेल, तर शेवटचा उपाय म्हणून जखमेच्या वर, हृदयाच्या बाजूला, चार-पाच सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्याने आवळून बांधता येते. सुतळी किंवा तार वापरू नये. ती मांसात रुतते. सैल बांधल्यास शिरा बंद होतात पण धमनी चालू राहते आणि रक्त उलट अधिक जाते. बांधल्याची वेळ लिहून ठेवावी आणि पट्टा रुग्णालयातच सोडू द्यावा.

वीस मिनिटे : भाजणे आणि डोळा

भाजल्यावर वाहत्या, साध्या नळाच्या पाण्याखाली तो भाग वीस मिनिटे धरावा. बांगडी, अंगठी, घड्याळ सूज येण्याआधी काढून घ्यावे. उष्णता त्वचेच्या पृष्ठभागावर थांबत नाही, आत उतरत राहते, हे तर कारण आहेच. पण नुसती उष्णता बाहेर काढायला वीस मिनिटे लागत नाहीत. जळालेल्या भागाभोवती अर्धवट इजा झालेल्या पेशींचा एक पट्टा असतो. त्या पेशी जगणार की मरणार हे पुढच्या काही तासांत ठरते. गारव्यामुळे त्यांची ऑक्सिजनची गरज कमी होते, दाह आणि सूज कमी राहते, म्हणून त्यांतल्या अधिक पेशी वाचतात. बर्फ मात्र लावू नये. त्याने रक्तवाहिन्या आखडून याच पेशींचे रक्त तुटते. दंतमंजन, शाई, तूप, हळद यांनी उष्णता बाहेर जात नाही आणि जखम किती खोल आहे ते डॉक्टरांना दिसत नाही. लहान मूल पुष्कळ भाजले असेल तर भाजलेला भाग पाण्याखाली धरताना बाकीचे अंग पांघरुणात ठेवावे, नाहीतर त्याला थंडी भरते.

डोळ्यात गेलेल्या पदार्थांत यार्डात मिरचीचा पहिला नंबर. मिरचीतील कॅप्सेइसिन मज्जातंतूंच्या उष्णता ओळखणाऱ्या टोकांना चाळवते, म्हणून आग होते; प्रत्यक्षात डोळा भाजत नाही. पाण्याने धुवावे, चोळू नये, थोड्या वेळाने आराम पडतो.

चुन्याची गोष्ट अगदी वेगळी. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी मुले दाबतात, ती फुटते आणि चुना डोळ्यात उडतो. अशा अपघातांनी मुलांचे डोळे गेल्याची उदाहरणे भारतातील नेत्रतज्ज्ञांनी वारंवार नोंदवली आहेत. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड; त्याच्या निवळीचा सामू बाराच्या वर असतो. आम्लाने प्रथिने साकळतात आणि त्या साक्याने आम्लाला पुढे जायला थोडा अडथळा होतो. अल्कलीचे तसे नाही. तिच्यामुळे पेशींच्या आवरणातील मेदाचा साबण होतो आणि ती आत आत शिरत राहते. आगीच्या मानाने इजा फार मोठी असते, म्हणून ‘आग थांबली’ यावर विसंबू नये. पापण्या उघड्या धरून भरपूर पाण्याने लगेच धुवायला सुरुवात करावी, किमान वीस-तीस मिनिटे. पापणीखाली दडलेले चुन्याचे कण ओल्या कापडाच्या टोकाने काढावेत आणि तडक नेत्रतज्ज्ञ गाठावा. औषधाचे थेंब शोधण्यात वेळ घालवू नये. डोळा आधी पाण्यानेच वाचतो.

फळे पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरायला कायद्याने बंदी आहे. तरी त्याची पुडी कोठे दिसली तर मुलांना हात लावू देऊ नये. ओलावा लागला की त्यापासून ॲसिटिलीन वायू सुटतो, उष्णता निघते आणि मागे उरतो तो चुनाच. त्याचे कोरडे कण अंगावर पडले तर आधी झटकावेत आणि मगच पुष्कळ पाणी ओतावे. थोडे पाणी येथे काही न करण्याहून वाईट.

अर्धा तास : उष्माघात

एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात पारा चाळीसच्या आसपास जातो तेव्हा पोती वाहणाऱ्याच्या शरीरात काय चालते याचा हिशेब करून पाहू. जड कामात शरीर सुमारे ४०० वॅट उष्णता निर्माण करते, म्हणजे मिनिटाला २४ किलोज्यूल. साठ किलोंच्या शरीराचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढायला सुमारे २१० किलोज्यूल लागतात. म्हणजे उष्णता बाहेर गेलीच नाही, तर नऊ मिनिटांत तापमान एक अंशाने चढेल आणि अर्ध्या तासात माणूस ३७ वरून ४० अंशांवर जाईल.

असे रोज होत नाही ते घामामुळे. हवा त्वचेहून गरम झाली की उष्णता बाहेर टाकायचा बाष्पीभवन हा एकच मार्ग उरतो. एक लिटर घाम वाळताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. मिनिटाला २४ किलोज्यूल घालवायचे तर मिनिटाला दहा मिलिलिटर, तासाला सहाशे मिलिलिटर घाम वाळायला हवा. उन्हाची भर त्यात धरलेलीच नाही. निथळून खाली पडलेला घाम या हिशेबात येत नाही. हवा दमट असली, पत्र्याखाली वारा नसला किंवा अंगातले पाणीच कमी पडले, की हा हिशेब बिघडतो.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या मोठ्या कार्यक्रमात उष्माघाताने दहाहून अधिक माणसे दगावली. ती पोती वाहत नव्हती, नुसती बसली होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

घाम, थकवा, पायात गोळे, मळमळ हे इशारे आहेत. सावली, विश्रांती आणि मीठ-साखर घातलेले पाणी दिले की माणूस सावरतो. पण तो बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, ओळखेनासा झाला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजावा. ‘उष्माघातात त्वचा कोरडी असते’ असे पुस्तकांत वाचायला मिळते. ते घरात बसलेल्या वृद्धांच्या बाबतीत बहुधा खरे ठरते; कष्ट करणाऱ्याला घाम असतानाही उष्माघात होतो. म्हणून त्वचेपेक्षा शुद्धीकडे पाहावे.

चाळीस अंशांच्या वर मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांच्या पेशी बिघडू लागतात, आणि किती बिघाड होईल हे तापमान किती वेळ चढे राहिले यावर ठरते. तापमान पहिल्या अर्ध्या तासात उतरले तर माणूस वाचण्याची शक्यता फार चांगली. यासाठी नियम असा की आधी गार करायचे, मग न्यायचे. सावलीत आणून जाड कपडे काढावेत, अंगभर गार पाणी ओतत राहावे आणि पुठ्ठ्याने, टॉवेलने, मिळेल त्याने वारा घालावा. बर्फ मिळाला तर तो पाण्यात टाकून त्या पाण्याचे कपडे अंगावर बदलत राहावेत. तापाची गोळी येथे निरुपयोगी आहे. तापात मेंदूतील तापमानाचे नियंत्रण वरच्या अंशाला लावलेले असते आणि गोळी ते खाली आणते. उष्माघातात नियंत्रण ठीक असून उष्णताच अनावर झालेली असते.

जेथे हलवू नये तेथे

काही वेळा काही न करणे हाच उपचार असतो. उंचावरून पडलेला माणूस मान किंवा पाठ दुखते म्हणत असेल, हातापायाला मुंग्या असतील, तर चौघांनी उचलून टेंपोत टाकू नये. मोडलेल्या मणक्याची कड मज्जारज्जूला कापू शकते. मान हातांनी स्थिर धरून रुग्णवाहिकेची वाट पाहावी. हाड मोडलेला हात आहे त्या स्थितीत गळ्यात अडकवावा. त्यासाठी लागणारी त्रिकोणी पट्टी एकोणिसाव्या शतकात फ्रीडरिख फॉन एस्मार्ख या जर्मन लष्करी शल्यचिकित्सकाने प्रचारात आणली; हमालाच्या खांद्यावरचा टॉवेल किंवा उपरणे तिचे काम करते.

धान्य तेथे उंदीर आणि उंदीर तेथे साप. सर्पदंशात जखम कापणे, चोखणे, वर आवळून बांधणे यांतले काहीही करू नये. रक्तस्रावात जो पट्टा जीव वाचवतो तोच येथे हात गमावायला कारण होऊ शकतो. माणसाला धीर द्यावा, दंश झालेला अवयव फळी बांधून स्थिर ठेवावा आणि प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे. भारतात तयार होणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही प्रमुख विषारी सापांवर चालते. त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची गरज नाही.

मदतीला जाण्याची भीती

‘पोलिसांचे लचांड मागे लागेल’ म्हणून पुष्कळ जण मागे सरतात. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या सूचनांना बंधनकारक स्वरूप दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. रस्त्यावरील अपघातात सद्भावनेने, मोबदल्याशिवाय मदत करणाऱ्यावर त्यातून झालेल्या इजेबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. आपले नाव सांगण्याची त्याच्यावर सक्तीही करता येत नाही. ही माहिती मुलांनी घरी सांगितली तरी पुष्कळ काम होईल.

वर्गात काय करता येईल?

पहिला प्रयोग बाष्पीभवनाचा. दोन तापमापक घ्या, एकाच्या फुग्याला ओले कापड गुंडाळा आणि दोन्हींना पंख्याचा वारा द्या. काही मिनिटांतला फरक नोंदवा. मग ओल्या कापडावर प्लास्टिकची पिशवी बांधून पुन्हा पाहा. दमट हवेत माणसाचे काय होते ते मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

दुसरा प्रयोग भाजण्याचा. उकडलेला गरम बटाटा दहा सेकंद गार पाण्यात धरून बाहेर काढा आणि त्याच्या सालीचे तापमान दर अर्ध्या मिनिटाला पाहा. गार झालेली साल आतल्या उष्णतेने पुन्हा तापते. आता दुसरा बटाटा वीस मिनिटे पाण्यात ठेवून तेच करा. एकदा पाणी मारून हात काढून घेणे का पुरत नाही, हे यातून दिसते.

तिसरा सराव छाती दाबण्याचा. घट्ट उशी जमिनीवर ठेवून, सेकंदाला जवळजवळ दोन या वेगाने मुलांना दोन मिनिटे दाबायला सांगा. किती लवकर हात दुखतात आणि वेग मंदावतो हे मोजा. जिवंत माणसाच्या छातीवर हा सराव कधीही करू नये.

चौथे काम सर्वेक्षणाचे. फिट, घोळणा, भाजणे, साप चावणे यांवर आपल्या गल्लीत काय करतात ते मुलांनी विचारून यावे. मग एकेका उपायासमोर दोन प्रश्न लिहावेत. हा त्रास एरवी किती वेळात थांबला असता? आणि या उपायात किती मिनिटे गेली? या वर्गात यार्डातल्या हमालांची, तोलणारांची, भाजीवाल्यांची मुले असतील, तर सर्वेक्षणाचा कागद घरी परत जाईल आणि उद्या पहाटे पोत्याशेजारी कोणी कोसळले, तर कांदा शोधायला धावणाऱ्यांत एक माणूस तरी छातीकडे पाहणारा असेल.